नऊ गिअर, एक पायरी

“मशीन चालू होईल, तेव्हाच ही पायरी चढ.”

हे वाक्य माझ्या वडिलांनी माझ्या धाकट्या भावाला बावीस वर्षांपूर्वी, एका सोमवारी सकाळी, दुकानाचं शटर अर्धं वर गेलेलं असताना सांगितलं. मृत्युपत्राची सुरुवात अशी करत नाहीत, हे मला वकिलीणबाईंनी दोनदा समजावलं. आधी आपण कोण, वय काय, शुद्धीवर आहोत की नाही, ते लिहायचं असतं. पण त्या वाक्याच्या आधीचं आयुष्य मला आता नीट आठवत नाही आणि नंतरचं सगळं त्याच्याच खाली दबलेलं आहे. म्हणून ते वर. बाकी रीतीप्रमाणे.

मी, खाली सही करणारी, वय एकोणपन्नास, अविवाहित, धंदा मोटर वाइंडिंग आणि हत्यारांची दुरुस्ती, राहणार दुकानाच्याच मागच्या दोन खोल्यांत, आज पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दबावाखाली न येता, स्वतःच्या हाताने हे लिहीत आहे. शुद्धीचा पुरावा हवा असेल तर आज सकाळीच एका पंख्याचं वाइंडिंग पूर्ण करून दिलं आहे आणि तो सुलटा फिरतो आहे. येत्या सोमवारी माझं ऑपरेशन आहे. काळजीचं काही नाही असं डॉक्टर म्हणाले आणि म्हणता म्हणता तीन कागदांवर माझ्या सह्या घेतल्या. तेव्हा आपणही एक कागद करावा, असं मला वाटलं. यापूर्वी मी कोणतंही मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात खरं असं काही लिहिलं नसतं.

कलम १. दुकान आणि मागच्या दोन खोल्या.

ही जागा बाबांची. त्यांनी कधी कागद केला नाही. ते गेल्यावर जागा माझी, असं सगळ्यांनी धरून चाललं आणि मीही चालू दिलं. कायद्याने यातली निम्मी धाकट्याची आहे. ती मी त्याला ‘देते’ असं लिहिणं म्हणजे दुसऱ्याची छत्री वापरून वापरून शेवटी त्यालाच भेट देण्यासारखं होईल. त्याची निम्मी त्याचीच आहे, एवढं इथे कबूल करते. माझी निम्मीही मी त्याला देते. त्याने ती नाकारली, आणि तो नाकारेल, तर ती त्याच्या मुलीला, म्हणजे माझ्या भाचीला जावी. अट कोणतीही नाही. या घरात एकदाच एक अट घातली गेली. ती सगळ्यांना पुरली.

आत्याने बाबा गेले त्या आठवड्यात भर घरात विचारलं होतं की बाईमाणसाला रोज शटर ओढायला झेपणार आहे का. आत्या आता एक्याऐंशीच्या आहेत आणि कानाने मजबूत आहेत. शटर ओढायची लोखंडी आकडी मी त्यांना देते. अकरा वर्षं वापरलेली आहे, चांगली गुळगुळीत झाली आहे. काठी म्हणूनही चालेल.

कलम २. हत्ती.

हत्ती म्हणजे आमचं जुनं ड्रिल मशीन. राखाडी, ओतीव लोखंडाचं, दोन्ही हातांनी धरायचं. बाबांनी धंद्यात पहिल्यांदा स्वतःसाठी घेतलेली वस्तू. ते बनवणारा कारखाना मी शाळेत असतानाच बंद पडला, त्यामुळे त्याचा पार्ट दुकानात मिळत नाही. मोडला तर शोधावा लागतो. आमच्या धंद्यात पार्ट तोंडाने मागत नाहीत. मोडलेला तुकडा खिशात घालून न्यायचा आणि समोरच्याच्या तळहातावर ठेवायचा. बाबा म्हणायचे, मेलेला दाखवल्याशिवाय जिवंत मिळत नाही.

त्या रविवारी धाकट्याने हत्ती न विचारता नेला. तेव्हा तो चोवीस वर्षांचा होता. मित्राच्या घराला रंग चालला होता आणि भिंतीला लावायच्या लांबीचा, म्हणजे पुट्टीचा, पिंपभर लगदा घोटायचा होता. त्याने ड्रिलला सळई लावली आणि दिवसभर घोटलं. संध्याकाळी आतला मोठा गिअर बोलला. सात दाते उडाले. त्याने मशीन पुसून जागेवर ठेवलं आणि सकाळी बाबांना सांगितलं, “आपोआपच बंद पडलं.”

बाबांनी गिअरबॉक्स उघडला. मग चक, म्हणजे पुढचं बिट धरणारं तोंड, उघडला. चकच्या जबड्यात पांढरी लांबी वाळून बसली होती.

“ड्रिल होतं ते,” बाबा म्हणाले. “रवी नव्हे.”

मला हसू आलं होतं, हे मला आठवतं. धाकट्यालाही आलं असावं, कारण तो खाली बघू लागला. एवढ्यावर भागलं असतं. मोडकं दुरुस्त करणं हाच आमचा धंदा, मोडल्याचा राग आमच्याकडे फार टिकत नाही. पण बाबांनी परत विचारलं, “आपोआप?” आणि धाकटा हट्टाने म्हणाला, “हो.” तेव्हा बाबांनी ते वाक्य उच्चारलं. गिअर मोडल्याबद्दल ते नव्हतं. खोटं बोलल्याबद्दल होतं. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण पुढे या दुकानात याहून मोठं खोटं रोज बोललं गेलं आणि ते बोलणारीला कुणी पायरीवरून उतरवलं नाही.

हत्ती मी धाकट्याला देते. तो अजून बंद आहे. गिअरबॉक्सचे चार स्क्रू बाटलीच्या झाकणात शेजारीच आहेत.

कलम ३. तांब्याच्या तारेत ओवलेले नऊ गिअर.

धाकटा त्याच दिवशी गेला. मोडका गिअर न्यायला बाबांनी दिला नाही. “नमुना इथेच राहील,” म्हणाले. बाबा जेवायला मागे गेले तेव्हा धाकट्याने मला खूण केली आणि साबण मागितला. मी मोरीतून नवी वडी आणून वेष्टन सोडून दिली. ताजी होती, मऊ. त्याने गिअर तिच्यात दाबला, दाबून नीट छाप घेतला, रुमालात वडी गुंडाळली आणि खिशात टाकली. जाताना म्हणाला, “महिनाभरात येतो बघ ताई.”

तो दोन गावं सोडून तिसऱ्यात राहिला. जिथे काम मिळालं तिथल्या भंगारवाल्यांकडे, टर्नरकडे ती वडी घेऊन फिरला. चार महिन्यांनी पहिलं पार्सल आलं. कापसात गुंडाळलेला गिअर आणि चिठ्ठी. बसतो का ते बघायला सांग.

बाबांनी हात रॉकेलने धुतले, पुसले, मापाचं व्हर्नियर लावलं. “लहान आहे,” म्हणाले. “लिही त्याला. दीड मिलिमीटर लहान. दाते मात्र बरोबर मोजलेत म्हणावं.” हे शेवटचं त्यांनी जरा थांबून सांगितलं, कारण ते कौतुक होतं आणि कौतुकाची त्यांना सवय नव्हती. माझ्या नावाने लिहू नको, हेही सांगितलं. दुकानातलं सगळं लिहिणं माझ्याकडेच असायचं.

मी लिहिलं, ‘बसत नाही.’

फक्त एवढंच. पहिल्या वेळी मी घाईत होते, असं म्हणता येईल. पोस्टाची वेळ झाली होती. दुसऱ्या वेळी तसंही म्हणता येत नाही. दुसऱ्या पार्सलात त्याने विचारलं होतं, लहान पडतो की मोठा, एवढं तरी कळव. बाबांनी मोजून बघितलं आणि टेबलावर बोटं वाजवत बसले. “परत तेवढाच लहान. हा एकाच मापाने चुकतोय. माप घेतोय कशावरून?”

मी तेव्हा कॉइलचे वेढे मोजत होते. वेढे मोजताना बोलायचं नसतं, आकडा चुकतो. म्हणून बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं. आकडा पूर्ण झाला. तरी बोलले नाही.

कशावरून ते मला माहीत होतं. साबणाची वडी वापरली नाही की वाळते, आकसते, कडेने भेगा पडतात. मोरी घासणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. या दोन पुरुषांनी आयुष्यात साबण फक्त हात धुण्यापुरता पाहिला होता. धाकटा ज्या मापाने गिअर शोधत होता, कापून घेत होता, ते माप त्याच्या खिशात दर आठवड्याला आटत होतं आणि मग एका जागी येऊन थांबलं होतं. दीड मिलिमीटर.

‘साबण आटतो.’ दोन शब्द. आठ वर्षांत नऊ पार्सलं आली. नऊ वेळा बाबांनी माप सांगितलं, नऊ वेळा मी ‘बसत नाही’ लिहिलं. नवव्या पार्सलाबरोबर त्याची चिठ्ठी होती. “ताई, बाबांना सांग, मी हरलो. आता त्यांनी दुसरा मुलगा शोधावा, तो पार्ट तरी लवकर मिळेल.” मी बाबांना सांगितलं, यापुढे पाठवणार नाही म्हणतो. बाबांनी तांब्याची तार घेतली आणि नऊही गिअर ओवून टेबलावरच्या खिळ्याला अडकवले. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय लटकवलंय. बाबा म्हणायचे, “मुलाचं काम चालू आहे.”

हे नऊ गिअर मी धाकट्याला देते, बाबांच्या त्या वाक्यासकट. धाकट्या, बाबांनी तुझा एकही गिअर फेकला नाही. एकालाही मुद्दाम नावं ठेवली नाहीत. म्हाताऱ्याने आपल्याला आठ वर्षं खेळवलं, असं तू धरून बसला आहेस. ते खरं नाही. त्यांनी तुला नऊ वेळा माप सांगितलं होतं. ते तुझ्यापर्यंत आलं नाही, कारण मध्ये मी होते.

कलम ४. दुकानाची पाटी.

वरच्या कलमात ‘का’ लिहिलेलं नाही, असं वकिलीणबाईंनी दाखवून दिलं. कायद्याला लागत नाही म्हणाल्या, पण वाचणाऱ्याला लागेल. वकिलीणबाई कमी बोलतात, म्हणून त्यांचं ऐकावं लागतं.

मी चौदाव्या वर्षापासून वाइंडिंग करते. त्या रविवारच्या आधीच्या आठवड्यात रंगारी येऊन पाटीची मापं घेऊन गेला होता. बाबांच्या नावापुढे ‘आणि चिरंजीव’ घालायचं होतं. पाटीवर जागा कमी पडते म्हणून रंगाऱ्याने विचारलं की अक्षर बारीक करू का. बाबा म्हणाले, बारीक नको, लांबून दिसलं पाहिजे. मी आत मोटरच्या आर्मेचरला वॉर्निश देत होते. गिऱ्हाइकांना माझी ओळख करून द्यायची वेळ आली की बाबा म्हणायचे, ही मदतीला असते.

धाकटा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एक जण जळालेली मोटर घेऊन आला. बाबांनी ती त्याच्या हातून घेतली, माझ्यासमोर ठेवली आणि त्याला म्हणाले, “हिला सांगा काय झालंय ते.”

तेरा वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते. ते मला भावाच्या जाण्याने मिळालं. तो परत आला तर ते परत द्यावं लागेल, असं मला वाटलं. कदाचित लागलंही नसतं. मी विचारलं नाही. विचारलं असतं तर बाबा काय म्हणाले असते, ते आता कुणीच सांगू शकत नाही. याचं मला जितकं वाईट वाटतं तितकं ऑपरेशनचं वाटत नाही.

पाटी तशीच आहे, ‘आणि’च्या पुढे काही नाही. रंगाऱ्याने तेवढा शब्द रंगवला आणि मग काम थांबलं. लोकांना वाटतं अक्षरं उडाली. पाटी ज्याला जागा जाईल त्याची. पुढे काय लिहायचं ते त्याने किंवा तिने ठरवावं.

कलम ५. बेअरिंगवाल्याबद्दल.

एक बेअरिंग विकणारे गृहस्थ दर दुसऱ्या मंगळवारी येत. चहा अर्धाच घेत. त्यांनी एकदा मला विचारलं होतं. मी म्हटलं, घरात हे असं आहे, भावाचं मिटल्याशिवाय मला काही सुचणार नाही. ते म्हणाले, “मग मिटलं की सांगा.” भावाचं मिटू न देणारी मीच होते. म्हणजे ज्या दाराला मी कुलूप घातलं, त्याच्या आत मीही होते. त्यांचं पुढे लग्न झालं, दोन मुलं आहेत असं कळलं. त्यांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. कधी या रस्त्याने आले तर त्यांना पूर्ण कपभर चहा द्यावा.

कलम ६. बँकेतलं जे काही असेल ते, हातवाल्या वाइंडिंग मशीनसकट, भाचीला.

वाइंडिंग तिने शिकलंच पाहिजे असं नाही. मशीन जड आहे, दार वाऱ्याने आपटत असेल तर अडसर म्हणून उत्तम. पण शिकली तर मला आवडेल, आणि ती कुणाच्या मदतीला नसावी.

भाची एकोणीस वर्षांची आहे. गेली दोन वर्षं ती मला दर रविवारी फोन करते. माझा नंबर तिने बापाच्या जुन्या वहीतून चोरला, असं तिनेच सांगितलं. आत्या, आत्या करून कॉलेजच्या गमती सांगते. मागच्या हिवाळ्यात बोलता बोलता हसत म्हणाली, “आमच्या बाबांचं एक खूळ आहे. कपाटात एक साबण आहे, दगड झालाय नुसता. त्याला कुणी हात लावायचा नाही. आईने एकदा फेकायला काढला तर दोन दिवस जेवले नाहीत.”

मी तिला म्हटलं, दार वाजतंय, मग बोलू. दार वाजत नव्हतं.

कलम ७. दहावा गिअर.

त्या फोननंतर तिसऱ्या दिवशी मी मोडका गिअर आणि तारेतले नऊ, असे सगळे घेऊन पलीकडच्या लेथवाल्या काकांकडे गेले. दुकानापासून शंभर पावलांवर त्यांचं वर्कशॉप आहे. तेव्हाही होतं. काकांनी मोडका गिअर तळहातावर घेतला, मग एकेक करून नऊ मोजले.

“हे सगळे एकाच मापाचे चुकलेत,” म्हणाले. “करणारा चुकला नाही. त्याला माप चुकीचं मिळालंय.”

“नवा होईल?”

“न व्हायला काय झालं? जेवून ये.”

मी जेवायला गेले नाही. लेथजवळच्या बाकड्यावर बसून राहिले. दुपारी तीनला त्यांनी गिअर माझ्या हातात ठेवला. अजून गरम होता. एवढ्यासाठी बावीस वर्षं का थांबलात, असं त्यांनी सहज विचारलं. हा प्रश्न बाबांनाही विचारण्यासारखा होता, हे त्यांना माहीत नाही. नमुना हातात होता, लेथ शंभर पावलांवर होतं, बाबा कधीही हे अर्ध्या दिवसात करून घेऊ शकत होते. त्यांनी केलं नाही. त्यांना गिअर नकोच होता. गिअर घेऊन येणारा हवा होता.

लेथवाल्या काकांना मी बाबांचा लाकडी पाटा आणि कानशींचा पूर्ण संच देते. त्यांच्याकडच्या कानशी आता पोळी लाटायच्या लायकीच्या राहिल्या आहेत, हे त्यांना ठाऊक आहे.

व्हर्नियर धाकट्याला.

दहावा गिअर मी बसवलेला नाही. बसवणं मला येतं. वीस मिनिटांचं काम आहे. तो बाबांच्या रुमालात, मोडक्या गिअरशेजारी, टेबलाच्या वरच्या खणात आहे.

कलम ८. पायरी.

दुकानाला एक दगडी पायरी होती, चांगली दीड वीत उंच. रस्त्याचं पाणी आत येऊ नये म्हणून आजोबांनी बसवलेली.

शेवटच्या महिन्यात बाबा खाटेवरून फारसे उठत नव्हते. एका दुपारी त्यांनी मला हाक मारली आणि म्हणाले, “ती पायरी काढून टाकली तर?”

मी म्हटलं, “पाणी येईल आत.”

“हो,” म्हणाले. “तेही आहेच.” आणि कुशीवर वळले.

ते काय विचारत होते, ते मला त्याच क्षणी कळलं होतं. दिलेला शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मशीन चालू होत नव्हतं. मग पायरीच नसली तर पोराने चढायचं काय? सत्तर वर्षांचा माणूस खाटेवर पडून स्वतःच्याच अटीतून पळवाट शोधत होता, आणि मी त्याला पाण्याचं कारण सांगितलं.

सतरा दिवसांनी ते गेले. धाकटा आला. मीच कळवलं होतं, आणि तेवढं मात्र पूर्ण वाक्यात कळवलं होतं. तो समोरच्या फुटपाथवर, शिवणवाल्या बाईंच्या दुकानापाशी उभा राहिला. मी रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले. त्याचे केस पुढून विरळ झाले होते.

“मशीन चालू झालं का?” त्याने विचारलं.

“नाही.”

“मग मी इथेच बरा.”

बाबांना नेईपर्यंत तो तिथेच उभा होता. नंतर बसस्टँडकडे चालत गेला. त्या वेळी मला बोलता आलं असतं. फुटपाथवर, चार माणसांत, दोन शब्द. मी त्याला पाणी हवं का विचारलं.

कलम ९. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकिलीणबाईंनी करावी. त्यांनी होकार दिला आहे. माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यापासून वॉर्निशच्या पातेल्यापर्यंत जे वर आलेलं नाही, ते ज्याच्या उपयोगी पडेल त्याने न्यावं. कुणी काही नेलं नाही तर वाईट वाटून घेणार नाही. घ्यायला असणारही नाही.

शिवणवाल्या बाईंना मी माझं उंच स्टूल देणार होते. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असं कळलं. म्हणून ते कालच त्यांच्या दुकानात नेऊन ठेवलं आहे. याची नोंद फक्त तक्रार नको म्हणून.

हे सर्व मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिलं आहे आणि खालील दोन साक्षीदारांच्या समोर सही केली आहे. त्यांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

सही: (लिहून देणारी, बाबांची थोरली मुलगी)

साक्षीदार पहिल्या: समोरच्या शिवणवाल्या बाई. सही.

साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरचे औषधवाले. सही. यांना घाई होती, गिऱ्हाईक खोळंबलं होतं. पण त्यांनी सगळी पानं पाहिली आहेत.

ठिकाण: दुकान, बाबांचं टेबल.

वेळ: बुधवार, सोळा तारीख, दुपारचे साडेतीन.

ता. क.

यापुढचा मजकूर सह्यांनंतरचा आहे. त्याला कायद्याची किंमत नाही, असं वकिलीणबाई म्हणाल्या. असू दे.

औषधवाले गेले, पण शिवणवाल्या बाई थांबल्या. मी सगळं मोठ्याने वाचलं होतं, ते त्यांनी हातातलं काम न सोडता, गुंडी लावत लावत ऐकलं होतं. दोरा दाताने तोडून म्हणाल्या, “बाई, राग येऊ देऊ नका. पण मेल्यावर माफी मागायची म्हणजे समोरच्याची पंचाईत. मेलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार तो? जिवंतपणी मागा. म्हणजे त्याला नाही तरी म्हणता येईल.”

मला राग आला. मग तो गेला. बावीस वर्षं मी त्याला पूर्ण माप दिलं नाही आणि आता त्याचा नकारही मी मरून पळवणार होते.

म्हणून धाकट्या, या कागदाची नक्कल मी आज संध्याकाळच्या टपालाने तुला पाठवते आहे. या वेळी काही गाळलेलं नाही. रविवारच्या आधी मिळेल.

मागच्या आठवड्यात मी गवंड्याला बोलावून पायरी काढून टाकली. आता तिथे उतार आहे, रस्त्यापासून थेट दुकानात जाणारा. पाणी आत येतं. दोनदा आलं, मी पुसलं. मशीन अजून बंद आहे, पण चढायला पायरीच नाही, तेव्हा बाबांची अट आता नेमकी कशाला लागते ते तूच बघ.

रविवारी ये. साबण घेऊन ये, मला तो एकदा व्हर्नियरने मोजायचा आहे. गिअर तू तुझ्या हाताने बसव, स्क्रू मी पुढे करीन. मदतीला असेन. मग बटण दाब आणि आवाज ऐक. तेवढं झालं की लगेच गेलास तरी चालेल. जेवायलाही थांबवणार नाही.

तू येणार नाहीस, हे मला माहीत आहे. तरी शटर दिवसभर वर ठेवते आहे.

ताई